काळ्या रंगाखालचा लाल दोरा

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मला खिळ्यावरून काढलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

मी एक जुना हार्नेस आहे, मित्रांनो. चित्रपटात माणसं उंचावरून पडतात, हवेतल्या हवेत एकमेकांना पकडतात, तेव्हा त्यांच्या कपड्यांखाली पट्ट्यांचा जो साज आवळलेला असतो, तो मी. दोन पट्टे खांद्यांवर, दोन मांड्यांभोवती, एक कमरेला आणि पाठीवर पोलादी कडी. त्या कडीत तार अडकवतात. पडद्यावर तुम्ही मला पाहिलेलं नाही. मी दिसू नये यासाठीच सगळ्यांची धडपड असते. एवढं करून तार दिसलीच, तर संगणकापुढे बसलेला एक माणूस ती पुसून टाकतो.

ताडपत्र्या शिवणाऱ्या एका बाईने मला शिवलं. पट्टे राखाडी होते, पण भार पेलणारी शिवण तिने मुद्दाम लाल दोऱ्याने घातली. "टाका तुटला की लांबून दिसला पाहिजे," असं तिने मला न्यायला आलेल्या माणसाला बजावलं. तो माणूस तारा आणि कप्प्या बांधणारा. त्याची भाची उंचावरून उड्या मारण्याचं काम करते. ती त्याला मामा म्हणते, म्हणून सगळा सेटच त्याला मामा म्हणतो.

मामाचा एक नियम आहे. आधी वाळूचं पोतं लटकतं, मग बांधणारा स्वतः लटकतो, आणि त्यानंतरच ज्याचं काम आहे तो. पण याच काटेकोर माणसाने माझ्या बाबतीत एक चूक केली. पहिल्याच चित्रपटात माझा राखाडी पट्टा गळ्यापाशी डोकावला आणि दिग्दर्शक चिडला. मामाने बादलीभर काळ्या रंगात मला बुडवलं. पट्टे काळे झाले आणि लाल दोराही काळा झाला. कॅमेऱ्यापासून लपवता लपवता त्याने मला स्वतःच्या डोळ्यांपासूनही लपवलं.

पुढची पाच वर्षं मी भरपूर काम केलं. गच्चीवरून, पुलावरून, क्रेनला टांगलेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यावरून मी भाचीबरोबर उड्या मारल्या. हेलिकॉप्टरमधून नायिका पडते, नायक झेपावतो आणि एका हाताने तिचं मनगट पकडतो, हे तुम्ही पाहिलं असेल. खरं काय होतं ते मी सांगतो. साठ किलोची बाई दहा फूट पडली आणि तिला अर्ध्या फुटात थांबवलं, तर झटका बाराशे किलोंच्या वर जातो. कोणत्याही मनगटाला तो पेलत नाही. बोटं सुटतात, नाहीतर खांदा निखळतो. तिथे तोलणारी तार असते आणि ती हळूच थांबवणारा मामा असतो.

सहा वर्षांपूर्वी अशाच एका दृश्यात तार कप्पीवरून घसरली. भाची दहा फूट खाली गेली. नायकाची बोटं तिच्या मनगटावरून साबणासारखी निसटली. तार पुन्हा ताठ झाली आणि तो सगळा झटका मी घेतला. तिला दोन दिवस मान वळवता आली नाही, एवढंच. तिच्या चेहऱ्यावरची ती भीती दिग्दर्शकाने चित्रपटात तशीच ठेवली, पुढे नायकाने पकडल्याचं वेगळं दृश्य जोडलं. शिट्ट्या नायकाच्या मनगटाला मिळाल्या.

असा झटका खाल्लेला हार्नेस त्याच दिवशी कापून टाकायचा, ही या कामातली रीत. चुकून कुणी पुन्हा घालू नये म्हणून. मामाने कात्री घेतलीही होती. भाचीने त्याचा हात धरला.

"मामा, याने मला वाचवलं आणि तू याला कापतोस?"

मामा विरघळला. त्याने मला स्टुडिओतल्या सामानाच्या खोलीत दाराशेजारच्या खिळ्यावर टांगलं. येणारे-जाणारे मला हात लावायचे, माझ्याबरोबर फोटो काढायचे. माझ्या डाव्या मांडीच्या पट्ट्यात आतले अकरा टाके तुटले आहेत, हे कुणालाच दिसलं नाही.

आज तसलंच दृश्य आहे. उंची चाळीस फूट. कॅमेरा खालून वर बघणार, म्हणून खाली गादी नाही.

"नवा हार्नेस पाठीवर कुबडासारखा दिसतोय," दिग्दर्शक म्हणाला. "प्रेक्षकांना खरं वाटायला हवं."

"तो खिळ्यावरचा दे, मामा. पातळ आहे," भाची म्हणाली. "आणि तो मला लाभतो."

"लाभायला ती काय अंगठी आहे? आणि तुझं वजन वाढलंय."

"तुझ्याएवढं नाही! तू आधी लटकणारच आहेस ना? मग कळेलच."

सगळे हसले. मामाही हसला, आणि त्याने मला खिळ्यावरून काढलं.

मित्रांनो, आजवर कधीही न सुटणं हाच माझा अभिमान होता. आज मी उलटं ठरवलं. सुटायचंच असेल, तर पोत्याखाली सुटायचं. माणसाखाली नाही.

दहा वाजून पस्तीस मिनिटांनी माझ्यात बांधलेलं वाळूचं पोतं वरून सोडलं. मी सुटण्यासाठी जोर लावला. सगळी शिवण उसवली नाही, ताडपत्रीवाल्या बाईचं काम पक्कं होतं. पण आणखी चार टाके गेले आणि त्यांची टोकं बाहेर आली. रंग दोऱ्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचलेला नव्हता. काळ्या पट्ट्यावर लाल कुसळासारखं काहीतरी दिसू लागलं.

"टिकला ना? चला," दिग्दर्शक म्हणाला. "ऊन सरकतंय, मामा. तुमचं लटकणं आज राहू द्या."

"आधी मी," मामा म्हणाला.

माझ्यासारख्यांना खिळ्यावर मिरवू नका, मित्रांनो. ज्याने तुम्हाला एकदा वाचवलं, त्याची शिवण आधी उलटून पाहा. कापावं लागलं तर कापा. ते आम्हाला लागत नाही.

आता अकरा वाजून दोन मिनिटं झाली आहेत. मामाने माझ्यात एक पाय घातला आहे. डाव्या मांडीचा पट्टा त्याने हातात धरला आहे, अंगठा त्या लाल टोकांवर येऊन थांबला आहे. भाची म्हणते आहे, "काय झालं?" मामा दुसऱ्या हाताने खिशात चष्मा शोधतो आहे.