सर्व्हेअर येईपर्यंत

"सर्व्हेअर येईपर्यंत कशालाही हात लावू नका," असं विमा कंपनीच्या बाईनं फोनवर सांगितलं, आणि त्या दिवसापासून ऋजुताच्या हातांना चैन पडेना. जळक्या घरात राहायचं आणि झाडू मारायचा नाही, ही शिक्षा कुणीतरी खास तिच्यासाठीच शोधून काढली असावी. पुढची खोली, देवघर आणि वरचा लाकडी माळा यांचा कोळसा झाला होता. स्वयंपाकघर आणि मागची खोली तेवढी वाचली. तिथे चौघं जण एकमेकांच्या पायात पाय घालून दिवस काढत होते. तळपाय काळे, उशा काळ्या, पोळीलाही धुराचा वास. गल्लीत सगळीकडे दिवाळीची रंगरंगोटी सुरू झाली होती आणि टाकळकरांच्या घरी काजळीवरून बोट फिरवायची सोय नव्हती.

सर्व्हेअर सोमवारी येणार होता. मग म्हणाला, बुधवारी. मग त्यानं फोन उचलणंच सोडलं. गल्लीत मोटरसायकल थांबली की ऋजुता दाराशी जाई आणि तशीच परत येई. नवरा मयुरेश कारखान्यातून दर तासाला विचारायचा, "आला काय तो?" नाही म्हटलं की म्हणायचा, "अरे यार, टेन्शन नको घेऊ, येईल." त्याच्या आवाजावरून सगळं टेन्शन त्यालाच आहे हे लहान पोरालाही कळलं असतं.

आग कशानं लागली हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं आणि बोलत कुणीच नव्हतं. टाकळकरांकडे नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा असतो. त्याला एकटं सोडायचं नाही, म्हणून घरातली माणसं आळीपाळीनं त्याच्याजवळ बसतात. सप्तमीची पहाटेची पाळी ऋजुताची होती. ती बसली होती, आणि मागच्या अंगणात नळ आले. देवासात नळ आले की माणूस भरल्या ताटावरून उठतो. ती धावत गेली, मोटर लावली, टाकीत पाइप सोडला. परत आली तेव्हा समईत वातच नव्हती आणि देवघराच्या कोपऱ्यातून जाळ वर चढत होता. उंदीर तेलाची वात ओढून नेतो ही काही नवलाची गोष्ट नाही. चौथ्या माळेलासुद्धा त्यानं एक वात कपाटाखाली नेली होती, फक्त ती विझलेली होती.

पण आगीचा बंब अजून दारातच उभा होता तेव्हा सासरे, तात्या, ओल्या धोतरानं अंगणात उभे राहून म्हणाले, "शॉर्टसर्किट झालं. दिव्याचं नाव कुणी काढायचं नाही. देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी राहतो आपण. आईच्या दिव्यानं घर जाळलं, हे माझ्या तोंडून निघणार नाही." तात्यांनी जन्मभर शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवलं होतं. मयुरेशनं कंपनीला तेच कळवलं. मोटर चालू होती, जुनी वायर होती, खोटं अगदी चपखल बसलं.

हा विमासुद्धा कुणी हौसेनं काढलेला नव्हता. घराच्या कर्जाबरोबर बँकेनं गळ्यात मारला होता आणि मयुरेश दर वर्षी त्याच्या नावानं खडे फोडायचा. आता सगळी भिस्त त्याच्यावर. थोरला दीर शार्दूल इंदूरहून येऊन, नाकाला रुमाल लावून सगळं बघून गेला होता. त्याचा हिशेब सरळ होता. क्लेम मिळाला तर घर पुन्हा उभं करू. नाही मिळाला तर जागा आहे तशी विकायची, तात्या-माई त्याच्या फ्लॅटमध्ये, मयुरेश-ऋजुतानं भाड्यानं खोली बघायची.

तात्या शार्दूलच्या फ्लॅटमध्ये कधी दोन रात्रींच्या वर टिकले नव्हते. लिफ्टनं जीव घाबरतो म्हणायचे. तेच तात्या या खेपेला चटकन "बरं" म्हणाले. सासूबाई माईंनी तर क्लेमची वाटसुद्धा न बघता वाचलेली लुगडी पिशवीत भरून ठेवली.

ते "बरं" ऋजुताच्या मनात सलत राहिलं. यांना माझं तोंड बघवत नाही, हे ती धरूनच चालली होती. आग लागली त्या पहाटेपासून आजपर्यंत दोघांपैकी एकानंही तिला विचारलं नव्हतं, तू कुठे होतीस म्हणून. माई तिला चहा देत, पण नजर कपात. एकदा कडाकडा बोलल्या असत्या तर परवडलं असतं. धारहून आईचा रोज फोन यायचा, "थोडे दिवस माहेरी ये, मन रमेल." ऋजुता म्हणायची, सर्व्हेअर येऊन जाऊ दे. मनातून तिला भीती होती, आपण एकदा धारला गेलो की इथे परत बोलवायला कुणी उरणारच नाही.

शुक्रवारी सकाळी तो आला. कमल सोलंकी नाव, गाव लोहारदा, पोट सुटलेला, गळ्यात गमछा, हातात लांब टेप. दारात राखेचा ढीग होता तरी त्यानं बूट बाहेर काढले. ऋजुताला ते बघून उगाचच रडू फुटायला आलं. वाट बघून कंटाळून मयुरेशनं त्या दिवशी सुट्टीच टाकली होती.

"शॉर्टसर्किट कहाँ हुआ, भिया?"

मयुरेशनं वितळलेल्या बोर्डाकडे बोट दाखवलं. सोलंकीनं बोर्ड पाहिला, मीटर पाहिला, माळ्याचे वासे मोबाइलमध्ये टिपले. मग देवघराच्या कोपऱ्यात उकिडवा बसला. तिथली फरशी तडकली होती आणि भिंत अगदी मुळापासून भाजून निघाली होती. ऋजुता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"आग नीचे से ऊपर गई है," तो म्हणाला. "तार तो बाद में जले हैं."

"नाही, म्हणजे मोटर चालू होती ना," मयुरेश म्हणाला.

"देखो भिया, मेरे को लिखने में क्या. शॉर्टसर्किट बोलोगे, शॉर्टसर्किट लिख दूँगा. फिर कंपनी बिजलीवालों की रिपोर्ट मँगवाएगी. उसमें दूसरी बात निकली तो क्लेम वहीं खतम. झूठ पकड़ा गया तो मैं भी कुछ नहीं कर सकता."

मयुरेशनं तात्यांकडे पाहिलं. तात्या काठीवर दोन्ही हात ठेवून भिंतीकडे बघत होते, जणू तिथे अजून काही लिहिलेलं आहे आणि त्यांना चष्मा सापडत नाही. सोलंकीनं पेन काढलं. आता तो शब्द कागदावर उतरला की घर गेलं. ऋजुताला हे इतकं लख्ख दिसलं की तिच्या तोंडून शब्द आपोआप निघाले.

"दिव्यानं लागली. अखंड दिव्यानं. उंदरानं वात ओढली." "पाळी माझी होती. नळ आले म्हणून मी उठून मागे गेले, दिवा एकटा टाकला. चूक माझी आहे. तसं लिहा. यांच्यापैकी कुणाची नाही."

तात्या आता कडाडणार म्हणून तिनं मान खाली घातली. बोलल्या त्या माई.

"तिची कशाची चूक? फुलवातींची टोपली समईच्या खाली मीच ठेवली होती. गठ्ठाच्या गठ्ठा कापूस. दोनदा मनात आलं, उचलून फडताळात ठेवावी. गुडघे दुखत होते, कंटाळा केला. नुसती वात जळून जळून किती जळली असती?"

"तू गप्प बस," तात्या म्हणाले. "पिंजरा मी लावू दिला नाही. चौथ्या माळेला मयुरेश पिंजरा घेऊन आला होता. मीच परत पाठवला. म्हटलं, नवरात्रात जीव मारायचा नाही. उंदीर माझ्यामुळे राहिला घरात. आणि वर शॉर्टसर्किट म्हणायलाही मीच सांगितलं. आईच्या दिव्याची अब्रू राखतोय म्हणालो. आईच्या अब्रूला काय धाड भरलीय? माझीच झाकत होतो."

सोलंकी पेन तसंच धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यानं एकमेकांवर ढकलणारे पुष्कळ पाहिले असतील. इथे सगळे चूक स्वतःवर ओढून घ्यायला बसले होते.

"बाबूजी, मेरे को एक ही बात बताओ. जान-बूझ के तो किसी ने नहीं लगाई?"

"छे, छे."

"तो बस. दीये से आग लगी, अपने आप लगी. बीमा इसी का तो होता है." त्यानं लिहायला सुरुवात केली. "गलती घर में किसकी थी, ये हमारे यहाँ कोई नहीं पूछता."

मग त्यानं मयुरेशकडून लिहून घेतलं की आधी घाबरून चुकीचं कारण सांगितलं गेलं, खरं कारण हे. त्यावर तात्यांनीही सही केली, कुणी मागितली नव्हती तरी. सोलंकीनं दोन घोट चहा घेतला आणि बूट चढवले. पैसे किती आणि कधी ते कंपनी ठरवेल, खोट्या आशेला लावणार नाही, म्हणाला. पण केस आता साफ आहे.

तो गेल्यावर घरात कुणालाच काय करावं कळेना. मयुरेश त्याला नाक्यापर्यंत सोडायला गेला. माई उंबऱ्यावर बसल्या. ऋजुता त्यांच्याशेजारी टेकली, आणि इतके दिवस मनात साठलेलं तिनं विचारून टाकलं.

"माई, मग तुम्ही पिशवी का भरलीत? मला वाटलं, माझ्यामुळे. माझा राग आलाय म्हणून इंदूरला निघालात."

माईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझा राग? अगं, तुझं कपाट गेलं माळ्यावरचं. लग्नातला शालू गेला, तुझ्या आईनं भरलेली चादर गेली. तू एका शब्दानं बोलली नाहीस. रोज सकाळी उठून तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं बसायचं? यांनाही तेच. म्हणाले, शार्दूलकडे जाऊ, तिथे निदान तिची नजर तरी चुकेल."

ऋजुताला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाच कळलं नाही. तिघं जण एकाच खोलीत एकमेकांच्या नजरा चुकवत बसली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दोष देणारी नजर दुसऱ्याची आहे.

तेवढ्यात आतून तात्यांचा आवाज आला. ते फोनवर होते, आणि इंदूर लांब आहे म्हणून नेहमीसारखे मोठ्यानं बोलत होते.

"शार्दूल, रविवारी गाडी आणू नकोस... नाही, क्लेमचं अजून काही नक्की नाही. मिळेल, न मिळेल. नाही मिळाला तरी आम्ही इथेच आहोत. मागच्या खोलीत राहतो... कुणी अडवलं नाही रे, मीच म्हणतोय... हो, जमेल. थांब जरा."

तात्या फोन हातात धरून दारात आले. ती लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी तिला कधी काही विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "राहू ना आम्ही तुझ्याकडे?"