न आलेल्या साथीचा खोका

मी एक जुना, फणसाच्या लाकडाचा लांबट खोका आहे. मित्रांनो, हसू नका. मी रोगाची साथ मांडून बघायचा खोका आहे, आणि असला खोका आमच्या भागात दुसरा नव्हता, हे मी जरा ताठ मानेनंच सांगतो.

मला जामसंड्याच्या सुतारानं घडवलं. करून घेणारे आरोग्य खात्याचे परुळेकर डॉक्टर. माझ्या पोटात उथळ पन्हळ आहे. डॉक्टर तिच्यात चिंचोके भरायचे. एक चिंचोका म्हणजे गावातलं एक माणूस. लाल गुंज म्हणजे आजारी, कवडी म्हणजे लस टोचलेला. मला हलकेच हलवायचं, की सगळे थोडे थोडे सरकत. गुंजेला टेकलेला चिंचोका काढून तिथं नवी गुंज ठेवायची आणि पुन्हा हलवायचं. लस आधी कुणाला दिली तर पुढं काय होईल, ते असं आधीच खेळून बघता येई. दर खेपेला उत्तर थोडं वेगळं येई, म्हणून डॉक्टर मला हलवून हलवून बेजार करत.

१९५८ साली खाडीपलीकडे सत्यवतीबाईंच्या घरी देवी आल्या. देवी म्हणजे अंगभर फोड उठवणारा भयंकर रोग. त्यांचा मुलगा शंकर मुंबईहून ताप घेऊनच उतरला होता. लस फारच थोडी आली होती. डॉक्टरांनी गुंजेच्या चहूबाजूंनी कवड्या मांडल्या. शेजारची घरं टोचली की साथ तिथंच थांबत होती. डॉक्टर खूश, मीही खूश.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी विमलाबाई नारळ आणि खण घेऊन निघाल्या.

"खंय चाललंस?"

"सत्यवतीकडे बाय इल्या मा! ओटी भरून येतंय. सगळी बायलमाणसा जावन इली."

डॉक्टरांनी हातातली कवडी खाली ठेवली. बाय म्हणजे देवी, आणि तिची ओटी भरायला बायकाच जातात. इथंच जन्मलेला माणूस, पण ही गोष्ट ध्यानातच आली नव्हती! आजार शेजारी नव्हे, ओटीबरोबर वाडीवाडीत पोचला होता. त्यांनी विमलाबाईंना थांबवलं, कोण कोण जाऊन आलं ते विचारलं आणि चिंचोके नव्यानं मांडले. आता सगळी लस त्या बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना लागणार होती. बाजारपेठेला थेंबही उरत नव्हता.

बाजारपेठेत सरपंच गंगारामभाई राहत. त्यांची नात जानकी नुकतीच जन्मलेली, न टोचलेली. ते तरातरा आले.

"डॉक्टरानु, माझ्या नातीन काय करूचा?"

डॉक्टरांनी मला भाईंच्या मांडीवर ठेवलं. "तुमीच हलवा."

लस बाजाराला दिली, की वाड्यांतून लाल गुंजा पसरत आणि शेवटी बाजारातही शिरत. ओटीवाल्या घरांना दिली, की बहुतेक वेळा थांबत. बहुतेक वेळाच हां! एका खेपेला नाही थांबल्या. गंगारामभाईंनी मला पुन्हा पुन्हा हलवून पाहिलं.

"ह्यातलो माझ्या नातीचो चिंचोको खंयचो?"

"ता खोक्याक म्हायत नाय, भाई. माकाय नाय."

भाईंनी मला हळूच खाली ठेवलं. मग उठले आणि म्हणाले, "टोचा त्यांका."

ओटी भरून आलेल्यांतल्या दोघी तरीही आजारी पडल्या, त्यातली सीता गेली. तिच्यासाठी मी आजही हळहळतो. पण साथ पसरली नाही. आणि मग काय झालं? महिनाभरात लोक म्हणू लागले, "काय एक झाला नाय! डॉक्टरान उगाच सगळ्यांका घाबरवल्यान." शाबासकी राहिली बाजूलाच. डॉक्टरांची बदली झाली, मला गंगारामभाईंनी मागून घेतलं. पुढं भाईही गेले, आणि मी माळ्यावर पडलो. वाळवीनं माझा एक कोपरा खाल्ला.

मित्रांनो, बुडालेली होडी सगळे दाखवतात. न बुडालेली कोण दाखवणार? म्हणून सांगतो, काही वाईट झालं नाही, तर ते कुणी होऊ दिलं नाही, एवढं तरी विचारत जा. आणि आमच्यासारख्यांना वाळवीच्या तोंडी देऊ नका.

परवा जानकीनं मला खाली काढलं. दहा वर्षांची झाली पोर. मला पुसून तिनं माझ्यात कोकमाची सोलं वाळत घातली. मी काय आहे, ते तिला ठाऊक नाही. ती वाकली तेव्हा मी तिचा चेहरा अगदी जवळून पाहिला. देवीचा एकही वण नाही हो त्याच्यावर!