ठोका, मी धरलंय

मी एक जुनी ॲल्युमिनियमची मोटरबोट आहे. मित्रांनो, पाण्याबाहेर असले की मला झोप फार येते. त्यामुळे माझ्या सांगण्यात मधेच काही स्वप्नासारखे आले, तर सांभाळून घ्या.

एका मोठ्या शेडमध्ये पत्रे वाकवून, कडेला कडा जोडून मला आकार दिला गेला. तिथून मला एका नावाड्याने घरी आणले. तळ्याच्या या काठावरून त्या काठावर माणसे पोचवणे हा त्याचा धंदा. मी आजारी माणसे नेली, शाळेतली मुले नेली, दोरीने बांधलेले कपाटही नेले. "पोरगी गुणाची आहे," असे नावाडी माझ्या पाठीवर थाप मारून सांगायचा, आणि मी लाटांवर उगाचच जास्त डुलायचे. पुढे मोटरीचा दांडा त्याच्या मुलाच्या हाती आला. मुलगा बेसूर गायचा, पण मनापासून. त्याचे लग्न झाले तेव्हा नवी सून माझ्यातच बसून आली, मांडीवर शिलाई मशीन घट्ट धरून. सामानात दुसरे काही बुडाले तरी चालेल, पण हे नको, असे तिने सांगून ठेवले होते.

मग मुलगा आजारी पडला, आणि त्या आजारातून उठलाच नाही. मला परसात दोन ओंडक्यांवर पालथी घातली. अंगावर पांढरे चट्टे उठले, पोटाखाली मांजर व्याली. मी डोळे मिटून पडून राहायचे. वारा आला की झाडांची सळसळ मला पाण्यासारखी वाटायची, आणि झोपेतच मी पलीकडच्या काठाला लागायचे.

घरात सासरा आणि सून, दोघेच उरले होते. नावाडी तर मुका झाल्यासारखा वागे. चहा हवा असला तरी कप पुढे सरकवायचा. एके दिवशी भंगारवाला आला आणि त्याने बोटाच्या पेराने मला टकटक वाजवून पाहिले. नावाड्याने मान डोलावली. मी समजले, आपले दिवस भरले. तेवढ्यात गळ्यात टेप अडकवलेली सून बाहेर आली.

"बोट देऊ नका, बाबा. मी नीट करते."

"तुला काय येतं त्यातलं?"

"काहीच नाही. म्हणून तर तुम्ही लागाल."

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. म्हातारा मात्र जागचा हलला नाही.

सुनेने मला सरळ केले, घासले, माझ्यात नळीने पाणी भरले आणि बाहेरून कुठे गळते ते बघत शिलाईच्या खडूने खुणा केल्या. मोटर जिला अडकवतात ती कुजलेली मागची फळी काढून नवी बसवली. पण पत्रे जोडणारे, सैल झालेले रिवेट तिला एकटीला आवळता येईनात. हातोडा बाहेरून मारायचा, त्याच वेळी आतून जड लोखंड दाबून धरायचे. दोन्ही करायला ती धावत होती, आणि हातोडा पत्र्यावर भलतीकडेच बसत होता. दारातून बघणाऱ्या म्हाताऱ्याला ते सोसवेना. तो चपला न घालताच आला आणि त्याने तिच्या हातातून हातोडा घेतला.

ती माझ्या आत वाकून बसली, तो बाहेर. मध्ये मी. एकमेकांचे तोंड दिसत नव्हते.

"धरलंस?"

"ठोका, मी धरलंय."

कितीतरी दुपारी एवढेच बोलणे झाले. मग एकदा हातोडा थांबला.

"तुझं वय काही फार नाही," तो हळूच म्हणाला. "माझ्यापायी इथं अडकू नकोस. जा म्हणायला तोंड होत नव्हतं, म्हणून बोलणंच सोडलं मी."

आत सुनेच्या डोळ्यांतले पाणी माझ्या तळाशी पडत होते. हातातले लोखंड मात्र तिने हलू दिले नाही.

"जायचं असेल तेव्हा मी सांगेन, बाबा. आणि सांगितलं की तुम्हीच मला पोचवायचं. ठोका आता."

त्यानंतरचा घाव जरा तिरका बसला. ती खूण अजून माझ्या अंगावर आहे. मला ती आवडते.

पहाटेच्या धुक्यात मला पाण्यात सोडले, तेव्हा क्षणभर मला कळेना की हे खरे की नेहमीचे स्वप्न. पण पाणी गार लागले, आणि थेंबही आत आला नाही. दांडा सुनेने धरला. नावाडी जन्मात पहिल्यांदाच उतारूसारखा पुढे बसला होता. वळण कसे घ्यायचे, शेवाळ कुठे अडवते, हे सांगता सांगता तो मुलाबद्दल बोलू लागला. लहानपणी तो पाण्याला कसा घाबरायचा, हे ऐकून सून हसली. मग म्हाताराही हसला. त्याचे नीट ऐकू यावे म्हणून तिने मोटर बंद केली. आम्ही तिघे वाऱ्याने नेले तिकडे हळूहळू वाहत राहिलो.

मित्रांनो, तुमच्याही परसात काही पालथे पडले असेल. ते भंगारात देण्याआधी एकदा सरळ करून बघा. आणि घरात कुणी गप्प बसले असेल, तर त्याला खोदून खोदून विचारू नका. फक्त म्हणा, हे मला एकट्याला जमत नाही, जरा येता का?