ताईच्या बारा बिया

ताईचं पत्र येऊन पाच महिने झाले होते आणि बाबांनी उत्तर दिलं नव्हतं. ‘राहून गेलं’ असं ते सांगत. पण पत्र शर्टाच्या खिशात घेऊन हिंडणाऱ्या माणसाचं काही राहून जात नसतं. त्यांना धीर होत नव्हता, एवढंच.

पत्र जेमतेम चार ओळींचं. बाबांची ही थोरली बहीण बागेचं घर सोडून मुलीकडे चौथ्या मजल्यावर राहायला गेली होती. फोनवर तिला धड ऐकू येत नसे, म्हणून पत्र. ‘किडोबा,’ तिनं लिहिलं होतं. पुस्तकातला किडा म्हणून लहानपणापासून ती त्यांना तेच म्हणायची. ‘माझ्या टोमॅटोच्या या शेवटच्या बारा बिया. तीस वर्षं दरसाल धरत आले. तुझ्या परसात लाव. उगवल्या की कळव. नाही उगवल्या तरी कळव.’

या शेवटच्या वाक्यानं बाबांची झोप उडवली. ताईचं वाण आपल्या हातून बुडालं, तर तिला कोणत्या तोंडानं कळवायचं?

परस म्हणजे मागच्या दारी दोन खाटा मावतील एवढी जमीन. बाहेर अजून थंडी होती, तेव्हा रोपं घरातच करायची असं बाबांनी तीन पुस्तकं वाचून ठरवलं. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये माती भरून त्यांनी सहा बिया पेरल्या.

इथवर सगळं ठीक होतं. पण बाबांची चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली होती. एकदा पाहिलेलं पुन्हा पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. रोज सकाळी ते पेन्सिलीच्या टोकानं माती बाजूला करत, भिंगातून बी न्याहाळत आणि पुन्हा झाकून ठेवत. चौथ्या दिवशी एकीला पांढरा मोड दिसला. आनंदाच्या भरात त्यांनी बाकीच्या पाचही पुन्हा उकरल्या. दहाव्या दिवशी ट्रेमध्ये बुरशीखेरीज काही उरलं नव्हतं.

“बाबा, कोंबडी अंडं उबवताना मध्येच फोडून बघते का हो?” सूनबाईनं विचारलं. ती घरीच शिवणकाम करायची आणि तिच्या जिभेलाही कात्रीसारखी धार होती.

“तपासल्याशिवाय कळणार कसं?”

“उगवल्यावर कळेल. बी काय तोंड लपवून बसणार आहे?”

“उरलेल्या तूच पेर बाई. माझ्या हाताला यश नाही.”

“हात तुमचेच लागू देत. पेन्सिल तेवढी माझ्याकडे द्या.”

बाबांनी नव्या ट्रेमध्ये उरलेल्या सहा बिया पेरल्या. सूनबाईनं ट्रे शिवणाच्या खोलीत नेला, खिडकीशी उन्हात ठेवला आणि बाबांना खोली बंद. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायचा फवारा असतो ना, त्यानंच ती माती ओली ठेवायची. बाबा निमित्त शोधत राहिले. त्या आठवड्यात त्यांच्या तीन शर्टांची बटणं तुटली.

“दातांनी तोडता की ब्लेडनं?” दारातच शर्ट काढून घेत तिनं विचारलं. बाबांनी शर्टाआडून खिडकी दिसते का, ते पाहून घेतलं. दिसत नव्हती.

नवव्या दिवशी आतून हाक आली. “बाबा, या! भिंग बाहेरच ठेवा.”

तीन कोंब वर आले होते. दोघांच्या माना अजून वाकलेल्या, तिसऱ्याच्या डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं अडकलेलं. बाबांची बोटं शिवशिवली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

“आता ताईंना कळवा,” सूनबाई म्हणाली.

“इतक्यात नको. पिकलेलं फळ हातात आलं की सविस्तर लिहितो.”

“फळाचं विचारलंय का त्यांनी?”

“अगं, पण सहा मेल्या तेही लिहावं लागेल. ती म्हणेल, किडोबानं वाट लावली.”

“म्हणू देत की! आत्ता त्या काय समजून बसल्या असतील, त्याचा विचार केलात का?”

पाच महिने उत्तर न देऊन आपण ताईच्या लेखी बाराच्या बारा बिया मारून टाकल्या, हे बाबांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुपारी ते लिहायला बसले. पहिलं पत्र चार पानी झालं. सूनबाईनं ते वाचून विचारलं, “माफी पोटभर झाली. यात टोमॅटो कुठं आहेत?” बाबांनी ते फाडलं आणि नवा कागद घेतला.

‘ताई, सहा बिया मी रोज उकरून पाहिल्या, त्या मेल्या. चूक माझी. उरलेल्या सहांतल्या तीन उगवल्या आहेत. थंडी सरली की परसात लावीन आणि पहिल्या फळाचं बी तुझ्यासाठी धरीन. उत्तराला उशीर केला, रागाव. तुझा किडोबा.’

कोपऱ्यावर पोस्टमन पेटी रिकामी करत होता. बाबांच्या हातातलं पाकीट पाहून त्यानं पिशवीच पुढे केली. “तातडीचं आहे का आजोबा?”

“पाच महिने उशीर झालाय.”

“मग टाका लवकर!”

बाबांनी पाकीट सोडलं. पोस्टमननं पिशवीचं तोंड आवळलं आणि सायकलला टांग मारली.