त्साय वंशाचं पहिलं पान

दर तीस वर्षांनी त्साय वंशाची पोथी नव्याने लिहायची आणि दर तीस वर्षांनी गावात भांडणं व्हायची, हे ठरलेलंच. या खेपेला भांडायला उभी राहिली रुईफेन. गावाने तोंडात बोट घातलं. ही बाई चाळीस वर्षं कागद करायच्या हौदावर वाकून राबली, पण वर तोंड करून कुणाला बोलली असेल तर शपथ!

कारणही तसंच होतं. पोथीच्या मसुद्यात तिच्या बाबांच्या, माओशंगच्या नावाखाली लिहिलं होतं, 'वंश इथे संपला.' माओशंगने लग्न केलं नव्हतं. कागदासाठी बांबू भिजवायच्या खड्ड्याशी कुणीतरी टाकून गेलेली तान्ही पोर त्याने उचलली, तांदळाची पेज पाजून वाढवली. तीच ही रुईफेन. आता बाबा शहाऐंशीचे. पुढची पोथी बघायला ते काही असणार नव्हते.

"हे खोडा, काका," पूर्वजांच्या दालनात ती दिंगबांगकाकांना म्हणाली. पोथीचा कारभार त्यांच्याच हातात.

"रक्ताचं नातं लागतं, पोरी. नियम काय मी केलाय?"

"सोड गं," खुर्चीतून बाबा पुटपुटले. "काय फरक पडतो?"

पडत होता. मसुदा वाचल्यापासून म्हाताऱ्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

रुईफेनने पोथीचं पहिलं पान उघडलं. तिथे वंशातले थोर मांडलेले: पूल बांधणारे त्साय श्यांग आणि सगळ्यांच्या वर, ज्यांच्यामुळे कागद आला ते त्साय लुन.

"आपले मूळपुरुष ना हे?"

"मग! अख्खं गाव त्यांच्या कृपेने जेवतं."

"ते तर राजवाड्यातले खोजे होते, काका. त्यांना कुठली पोरंबाळं? मग आपण सगळे आलो कुठून?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माहीत सगळ्यांनाच होतं, पण इतक्या पिढ्या ते पान मिरवताना जोडून पाहिलं कुणी नव्हतं!

"त्यांनी शिकवलं, आपण शिकलो, म्हणून त्यांचे झालो," रुईफेन म्हणाली. "मलाही बाबांनीच शिकवलंय."

काका आधी खोकले, मग गदगदून हसायलाच लागले. "चांगलं तासलंस गं मला!" त्यांनी कुंचला बुडवला, मसुद्यातली ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'मुलगी रुईफेन, कागद करते.' मग ते तिच्याकडे वळले. "जा आता. नाव लागलं, पूर्वजांपुढे डोकं टेक."

रुईफेनला भरून आलं होतं. बाबांचे उपकार कुठल्या जन्मी फिटायचे? तिने भिंतीवरच्या पूर्वजांच्या तसबिरींकडे पाठ केली, बाबांच्या खुर्चीपुढे गुडघे टेकले आणि तीनदा कपाळ जमिनीला लावलं.

"अगं अगं, पूर्वज तिकडे आहेत!" काका ओरडले.

"ठाऊक आहे, काका. माझे इथून सुरू होतात."

बाबांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला.