शिवणीत अडकलेले शुद्धिपत्र

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि माझ्या शेवटच्या ओळीत एक शब्द चुकलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्या एका शब्दाने घातला.

माझ्यात एका नावाड्याची आणि त्याच्या जादूगार बहिणीची गोष्ट आहे. छापखान्यात मुद्रिते तपासणाऱ्या गृहस्थांना त्या दिवशी सर्दी झाली होती. शिंका आणि ओळी दोन्ही सांभाळताना ‘धुक्याच्या बेटावर त्याने बहिणीला शोधले’ याचे ‘सोडले’ होऊन गेले. चूक ध्यानात आली तोवर माझी बांधणी झाली होती. मग चिठ्ठीएवढे शुद्धिपत्र छापून माझ्या मागच्या पुठ्ठ्यापाशी नुसते सरकवले.

मला दोन बहिणींनी घरी आणले. थोरली कपडे शिवायची, धाकटी नर्सिंग शिकत होती. माझी लेखिका दोघींची फार लाडकी. थोरलीने मला वाचायच्या आधीच जाड निळ्या कापडाचे कव्हर घातले आणि कडा पक्क्या शिवल्या. शुद्धिपत्र कापडाच्या घडीत गेले ते गेलेच. मला सांगायचे होते, पण पुस्तकाला तोंड कुठे असते?

पुढचे दिवस मजेत गेले. थोरली काजे-बटणे करायची, धाकटी मोठ्याने वाचायची. बहीण मंत्र विसरली की नावाडी तिला चिडवायचा आणि मग तोच मंत्र चोरून पाठ करून ठेवायचा, ऐनवेळी तिला सुचवता यावा म्हणून. ते पान दोघींनी इतक्यांदा वाचले की त्याचा कोपरा मऊ पडला. दोघी त्या भावंडांबद्दल शेजारच्या घरातल्या माणसांसारख्या बोलायच्या.

शेवटच्या ओळीवर मात्र त्यांचे बिनसले.

“सोडलं म्हणजे सोडलं,” थोरली म्हणाली. “छापलंय की.”

“तो असं करणारच नाही, ताई. मी ओळखते त्याला.”

“माणसं सोडून जातात. आई अंथरुणाला खिळलीय आणि तू परगावच्या दवाखान्यात नोकरी धरलीस. तुझं काय वेगळं आहे?”

धाकटीने मला मिटून कपाटात ठेवले. दोन दिवसांनी ती गेली. तिची पत्रे थोरली आईला वाचून दाखवी, स्वतः उत्तर लिहीत नसे. आई वारल्यावर पत्रेही थांबली. मी सहा वर्षे कपाटात पडून होते. वाळवी लागली नाही, एवढेच माझे नशीब.

मग कव्हर विटले म्हणून थोरलीने ते उसवायला घेतले. मागच्या कडेचे टाके निघाले आणि शुद्धिपत्र तिच्या मांडीवर पडले. ‘शेवटच्या पृष्ठावर “सोडले” ऐवजी “शोधले” असे वाचावे. चुकीबद्दल क्षमस्व.’ तिने ते दोनदा वाचले, कात्री बाजूला ठेवली आणि फोन उचलला.

“मी बोलतेय. तो शोधत होता गं तिला. छापायची चूक होती.”



“मी तेव्हाच म्हटलं होतं,” धाकटी म्हणाली.

“हो. त्याच्याबाबतीत चुकले मी. तुझ्याबाबतीतही.”

“पुस्तक नीट आहे ना, ताई?”

“आहे. ये बघायला.”

रविवारी ती आली. आता माझ्या नव्या कव्हरला मागे एक खिसा आहे आणि शुद्धिपत्र त्यात असते. मित्रांनो, पुस्तकाला कव्हर जरूर घाला, पण आधी ते एकदा नीट झटकून पाहा. आणि आपल्या चांगल्या ओळखीच्या माणसाबद्दल काही भलतेच छापलेले दिसले, तर संशय आधी छपाईवर घ्या.