नवनाथरावांचा आवाज

मी एक हार्ड डिस्क. तळहातावर मावेल एवढी चपटी पेटी, पोटात गरगर फिरणाऱ्या चकत्या आणि त्यांवर धावणारी एक बारीकशी सुई. सध्या माझा मुक्काम द्वारका चौकाजवळच्या गल्लीत, मुस्तकीमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या खणात आहे. सोबत उरलेले स्क्रू, तुटक्या वायरी आणि एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ. बोलायला कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतेय. ऐकून काही उपयोग होईल असं मात्र समजू नका, कारण व्हायचं ते होऊन गेलंय.

माझा जन्म लांबच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही आणि त्याचं दुःखही नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते देवळाली गावातल्या दोन खोल्यांच्या घरात. सृष्टी कॉलेजला जायला लागली तेव्हा तिच्या वडिलांनी, नवनाथरावांनी, लॅपटॉप घेतला आणि त्याच्या पोटात मी घरात आले. दर दसऱ्याला सृष्टीची आई, सुवर्णाबाई, लॅपटॉपला हळदकुंकू वाहायची. एका वर्षी ते कुंकू बटणांत गेलं आणि पुढे कितीतरी दिवस सृष्टीची बोटं लाल व्हायची. मला ते आवडायचं. माझ्यासारखीला ओवाळणारं घर सगळ्यांना मिळत नाही.

नवनाथराव एसटीत कंडक्टर होते, सिन्नरच्या गाडीवर. त्यांचा आवाज काय सांगावा! गाडी खच्चून भरलेली असली तरी मागच्या टोकावरून दिलेली हाक ड्रायव्हरच्या कानात नीट पडायची. घरी ते कुजबुजले तरी शेजारचे खिडकीतून उत्तर द्यायचे. असा माणूस, आणि एक दिवस त्यांचा घसा बसला. गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. घसा काही सुटेना. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल.

त्यांच्याच दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी सृष्टीला बाजूला घेऊन सांगितलं, "आवाज आहे तोवर भरून ठेवा. नंतर बटण दाबून ऐकवता येईल."

त्याच संध्याकाळी सृष्टीनं हेडफोनचा माईक लावला आणि वडिलांना लॅपटॉपसमोर बसवलं. फोटो काढायला बसावं तसे ते ताठ बसले. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलं.

"काय बोलू?"

"रोज बोलता तेच बोला, पप्पा."

"रोज मी काय बोलतो?"

सुवर्णाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "रोज ओरडता. तेच ओरडा."

आणि ते बोलत गेले. चहात साखर कमी टाक. टीव्ही बारीक कर. सृष्टी, गाडी हळू चालव, लय घाई करू नको. कोण आहे दारात? तो आवाज तेव्हा फाटलेला होता, मधेच हवा सुटायची, पण त्यांचाच होता. "सुवर्णे, माझा चष्मा कुठाय?" हे भरताना तर गंमतच झाली. चष्मा त्यांच्या नाकावर होता. सुवर्णाबाईंनी बोट दाखवलं आणि नवनाथराव जे हसत सुटले ते थांबेचनात. सृष्टी ते पुसायला निघाली होती, तर आई म्हणाली, "राहू दे गं. हेच ठेव." ते हसणं मी जपून ठेवलं. मला विचाराल तर माझ्याजवळच्या सगळ्या ऐवजात मोलाचं तेवढंच होतं.

ऑपरेशन झालं. नवनाथराव गळ्यातल्या छिद्रावर पातळ फडकं बांधून घरी आले. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र त्यांना दाखवलं होतं, पण त्यातून निघणारा कोरडा आवाज ऐकून त्यांनी ते दूर सारलं. मग सृष्टीनं लॅपटॉपच्या पडद्यावर, अगदी समोर, चित्रं मांडून दिली. कपाचं चित्र दाबलं की चहाचं बोलणं, दाराचं दाबलं की "कोण आहे?" त्यांचा स्वतःचा फोन साधा बटणांचा, त्यात हे सगळं बसत नव्हतं. तेव्हा त्यांचं बोलणं म्हणजे मी.

आणि मी म्हातारी झाले होते.

हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. लॅपटॉप सुरू व्हायलाच इतका वेळ लागायचा की सुवर्णाबाईंचा कुकर होऊन जायचा. भाजीत मीठ जास्त झाल्याचं ते ताटावर बसून दाबायचे, आणि माझ्यातून ते बाहेर पडायचं ताटं घासून झाल्यावर. पाहुणा येऊन, बसून, निघून गेला की मी विचारायची, "कोण आहे दारात?" आधी सगळे हसले. नवनाथरावही खांदे हलवून हसले. पण भांडणात उत्तर द्यायचं असेल तर? सुवर्णाबाई बोलून मोकळ्या व्हायच्या, बाहेर निघून जायच्या, आणि हे चित्रावर बोट ठेवून पडद्याकडे बघत बसायचे. हळूहळू त्यांनी दाबणंच कमी केलं. माणूस असा घरातल्या घरात गप्प होत चाललेला मी पाहिला, आणि तो माझ्यामुळे होत होता.

सृष्टीलाही ते दिसलं. तिला नुकतीच पुण्यात नोकरी लागली होती. जायच्या आधी तिनं ठरवलं की लॅपटॉपमध्ये माझ्या जागी नवी वेगवान एसएसडी घालायची, रॅम वाढवायची. पप्पांनी बोट ठेवलं की शब्द बाहेर पडला पाहिजे. या कामात काही वाईट नव्हतं. मी जायलाच हवं होतं. फक्त माझ्याजवळचं घेऊन मग मला काढायला हवं होतं.

मुस्तकीमनं लॅपटॉप उघडायच्या आधी रीतसर विचारलं, "डेटा कुठला घ्यायचा, ताई? सी ड्राइव्हमधला की डीमधला?"

"सगळं डीमध्ये आहे. सीमध्ये मी काहीच ठेवत नाही."

तुम्हीही हेच म्हणाला असता. कॉलेजातल्या सरांनी पहिल्याच वर्षी घोकून घेतलेलं असतं की सी मशीनचं, आपलं सामान डीमध्ये. सृष्टीच्या नोट्स, फोटो, सगळं खरोखरच डीमध्ये होतं. पण पप्पांना शोधावं लागू नये म्हणून जे तिनं पडद्यावर मांडलं होतं, ते राहतं सीमध्ये. परीक्षेत विचारलं असतं तर तिनं बरोबर लिहिलं असतं. पण जे रोज डोळ्यांसमोर दिसतं ते कुठं ठेवलंय, असा प्रश्न माणसाला पडत नाही.

मी माझ्या परीनं खरखर केली. मुस्तकीम म्हणाला, "बघा, आवाज करायला लागली. वेळेवर आणलीत." मग विचारलं, "जुनी बाहेरून जोडायच्या डबीत घालून देऊ का? वापरता येते."

"नको हो, केवढी स्लो आहे. तुम्हीच ठेवा."

त्यानं मला फॉरमॅट केलं. लोकांना वाटतं फॉरमॅट म्हणजे सगळं पुसलं. तसं नसतं. घाईघाईत केलेलं फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं जागच्या जागी असतात. नवनाथरावांचा शब्द न् शब्द माझ्यात होता, फक्त तो कुठं आहे हे विचारायला कुणी येत नव्हतं. शेजारच्या पुंजाराम यांच्या सीटकव्हरच्या दुकानात सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमधली डिस्क बिघडली होती, तिथं माझी रवानगी झाली.

आणि त्या जुन्या पानांवर नवं लिहिणं सुरू झालं. गिऱ्हाईक आलं, गेलं. समोरून टेम्पो गेला, रिक्षा गेली. मी ऐकते सगळं, पण लिहावं लागतं जे हुकूम होईल तेवढंच, आणि त्या कॅमेऱ्याला फक्त चित्र कळायचं. एका रिक्षानं चहाची साखर नेली. एका टेम्पोनं दार नेलं. कापड पसरून भाव करणाऱ्या माणसाखाली "सृष्टी, गाडी हळू चालव" दबून गेलं. मला सुई थांबवता येत नाही. आपल्याच हातानं आपलं घर पाडायचं, असे ते दिवस होते.

असे कितीतरी आठवडे गेले. मग एका दुपारी सृष्टी पुंजारामांच्या काउंटरशी उभी राहिली. शेजारी नवनाथराव, मागे मुस्तकीम.

ती रडतच सांगत होती. "मी पुण्याला गेल्यावर लॅपटॉप घरी आला, तेव्हा पप्पांनी पाहिलं, पडदा मोकळा. त्यांना वाटलं त्यांच्याच हातून काहीतरी दाबलं गेलं. मला वाईट वाटेल म्हणून लिहूनसुद्धा सांगितलं नाही. आईला वाटलं रुसलेत. मी काल पुण्याहून आले तेव्हा कळलं."

मुस्तकीमचा चेहरा उतरला. "त्याच दिवशी आला असता ना, तर प्रोग्रॅम लावून काढून दिलं असतं. आता वरून रोज रेकॉर्डिंग चढतंय."

"मंग काढून बघ की," पुंजाराम म्हणाले. "माझ्या दुकानाचं काय, दुसरी लाव. माणसाचा आवाज हाय तो."

"काढतो. पण आशा धरू नका, ताई." मुस्तकीम स्क्रूड्रायव्हर आणायला आपल्या दुकानात गेला.

माझ्यात तेव्हा एकच कोपरा शिल्लक होता. चष्म्याचं हसणं. सुई त्याच्या अगदी शेजारी येऊन पोचली होती. वायर उपसा रे, नुसती वायर उपसा, असं मी ओरडत होते. त्यांना ऐकू आली ती खरखर. मुस्तकीमला रस्त्यात कुणीतरी गिऱ्हाईक भेटलं, त्याच्याशी तो दोन शब्द बोलला. आणि कॅमेऱ्यानं समोर जे होतं ते माझ्या हाती दिलं. मी ते हसण्यावर लिहिलं.

नंतर त्यांनी मला इथं, मुस्तकीमच्या टेबलावर आणलं. प्रोग्रॅम लावला. तिघं पडद्याकडे डोळे लावून बसले. गाड्या सापडल्या, गिऱ्हाइकं सापडली. अगदी शेवटी सापडलं ते त्याच दुपारचं चित्र. काउंटरशी रडणारी सृष्टी, आणि नवनाथराव तिच्याकडे वळून काहीतरी म्हणताहेत. ओठ हलताहेत, पुन्हा पुन्हा, तेच शब्द.

सृष्टीनं चित्र मागे नेऊन परत पाहिलं. "पप्पा, इथं काय म्हणत होतात मला?"

नवनाथरावांनी ओठ हलवले. तिला कळलं नाही. त्यांनी पुन्हा हलवले. मग त्यांनीच हात हलवून 'काही नाही' केलं आणि ते उठले.

ते गेले, आणि मुस्तकीमनं मला खणात टाकलं. माझं मागणं काही फार नाही. जुनं काढताना त्यात काय आहे, हे ज्याला त्याची गरज आहे त्याला एकदा विचारा. मला काढलं त्या दिवशी नवनाथराव दुकानात नव्हते. त्यांना कुणी विचारलं असतं, तर पडद्यावर बोट ठेवून त्यांनी दाखवलं असतं.